पहिला तुकडा रात्रपाळीला

प्रिय बाळा,

सप्रेम सलाम.

चोवीस तारखेला तुला तिकडे जर्मनीत हॉस्पिटलात रात्रपाळी लागली, हे तू फोनवर सांगितलंस आणि पुढे म्हणालास, “म्हणजे यंदा माझा नाताळ नाही. केक-बिक कुणासाठी करू?” तेव्हा पप्पा जवळ होते, मला नीट बोलता आलं नाही. म्हणून हे लिहिते आहे. केक कर. पूर्ण मापाचा कर, अर्ध्या मापाचा नको. आपल्या घरात केक घरची माणसं मोजून कधी झालेलाच नाही.

तुझी आजी नर्स होती, हे तुला माहीत आहे. पण नाताळच्या रात्री ती कितीदा वॉर्डात असायची, ते तू पाहिलेलं नाहीस. दिवाळीला तिने सोबतिणींच्या पाळ्या आनंदाने घ्यायच्या. नाताळला त्याही तिच्या घ्यायच्या, पण दरवर्षी ते जमायचं नाही. मग ती दुपारीच केक कापायची, स्वच्छ फडक्यात बांधायची आणि घरात कुणी तोंडात घालायच्या आत तो डबा हॉस्पिटलात जायचा. आया, वॉर्डबॉय, रुग्णाच्या उशाशी जागणारी नातेवाईक मंडळी, गेटवरचा रखवालदार, या सगळ्यांना आधी. मी लग्न होऊन या घरात आले तेव्हा मला हे विचित्र वाटलं होतं. माहेरी आम्ही प्रार्थना करून घरात पहिला तुकडा वडिलांच्या हातावर ठेवायचो. इथे पहिला तुकडा दाराबाहेर जायचा.

आजीने त्यावर कधी प्रवचन दिलं नाही. फक्त नाताळच्या कौटुंबिक प्रार्थनेत बायबलातल्या लूकचा दुसरा अध्याय वाचताना ती मेंढपाळांपाशी थांबायची. आपल्या नगर-पारनेरकडे पावसाळा सरला की धनगरांचे वाडे येतात, रिकाम्या शेतात मेंढ्या बसवतात. तू लहान असताना पप्पांच्या खांद्यावरून ते पाहायचास. रात्री थंडीत एक जण झोपतो, दुसरा जागतो, कुत्री भोवताली फिरतात. आजी म्हणायची, बेथलेहेमजवळचे ते लोक असेच, कामावर असलेले. त्या रात्री गावात किती घरं होती, उतारशाळा भरलेली होती, राजवाड्यात हेरोद होता. येशूच्या जन्माची बातमी यांच्यापैकी कुणाकडे गेली नाही. ती रात्रपाळीवाल्यांकडे आली, आणि तेही हातातलं काम करत असताना.

तेव्हा तुझा नाताळ नाही असं म्हणू नकोस. मला तर वाटतं, आपल्या घरात यंदा तूच त्या गोष्टीच्या सगळ्यांत जवळ उभा आहेस.

आता केकचं. आजीच्या वहीतल्या पानाचा फोटो सोबत पाठवते आहे. तिचं अक्षर बघ, किती रेखीव. नगरमध्ये मुलींनी वही-लेखणी धरली ती फार आधीपासून. अमेरिकन मिशनच्या सिंथिया फरार बाई १८३९ मध्ये इथे आल्या आणि मुलींच्या शाळा चालवत राहिल्या. त्या शाळा पाहूनच जोतीराव फुल्यांच्या मनात पुण्याच्या शाळेचा विचार पक्का झाला. माझ्या मनात नेहमी येतं, की आपल्या घरात बायकांच्या हातची वही पिढ्यान्‌पिढ्या टिकली, त्याच्या मुळाशी ती शाळा आहे.

वहीतली मापं शेर-छटाकाची आहेत, कारण हा केक आजीच्या आईचा. मैदा पावशेर, लोणी पावशेर, साखर पावशेर, अंडी पाच. पावशेर म्हणजे चार छटाक, एक छटाक ५८ ग्रॅम. म्हणजे तुझ्या काट्यावर २३३ ग्रॅम भरायला हवेत. पाव किलो धरू नकोस. अंड्यांचं मात्र लक्षात ठेव. वहीतली पाच अंडी देशी कोंबडीची आहेत, चाळीस-पंचेचाळीस ग्रॅमची. तुझ्याकडे ‘एम’ आकाराचं अंडं ५३ ते ६३ ग्रॅमचं असतं, म्हणून चारच घे. चारही जिन्नस वजनाने जवळजवळ सारखे आले की केक बरोबर होतो. पाच घातलीस तर मिश्रण सैल होईल आणि मधोमध बसेल.

मैदा तिकडचा ४०५ नंबरचा घे. बेकिंग पावडरची पुडी अर्धा किलो मैद्याची असते, तुला अर्धी पुरे.

काळे मनुके, बेदाणे, टूटीफ्रूटी आणि थोडी संत्र्याची साल, सगळं मिळून दोनेकशे ग्रॅम. हे आपण रममध्ये भिजवत नाही, संत्र्याच्या रसात भिजवतो. मिशनच्या काळापासून आपल्या मंडळीत दारू वर्ज्य, तीच रीत केकमध्येही चालत आली. मला ही रीत मनापासून आवडते, कारण असा केक कुणाच्याही हातावर निःशंकपणे ठेवता येतो. तुझ्यासोबत तुर्की आणि सीरियन मुलंमुली काम करतात म्हणालास ना? त्यांना आवर्जून सांग, यात दारूचा थेंब नाही. पण रसात भिजलेली फळं दारूतल्यासारखी महिनाभर टिकत नाहीत. तीन-चार दिवस आधी भिजव आणि फ्रिजमध्येच ठेव. बाहेर ठेवलीस तर आंबतील. घालायच्या आधी निथळून चमचाभर मैद्यात घोळव, म्हणजे तळाशी जाणार नाहीत. उरलेला रस फेकू नकोस, मिश्रण घट्ट वाटलं तर तोच घाल.

रंग येतो जळक्या साखरेने. तीन चमचे साखर जाड बुडाच्या भांड्यात कोरडीच ठेव, ती विरघळून गडद तपकिरी होऊ दे. धूर यायला लागला की गॅस बंद करून थोडं गरम पाणी लांबून ओत. चटकन उडतं, हात सांभाळ. फार आधी उतरवलीस तर केक नुसता गोड लागतो, ती हलकी कडवट चव येत नाही. आणि आजीचा केक त्या चवीनेच ओळखला जायचा.

लोणी आणि साखर फेसाळ, पांढरट होईपर्यंत फेट. घाई करू नकोस, सगळा हलकेपणा इथेच येतो. अंडी फ्रिजमधून आधीच काढून ठेव आणि एकेक घाल. फुटल्यासारखं दिसलं तर चमचाभर मैदा टाक, सावरतं. मग जळकी साखर, मैदा, जायफळ, फळं.

पूर्वी घरात ओव्हन कुठला? आजीची आई मोठ्या पातेल्यात वाळू तापवायची, आत केकचा डबा, वर झाकण आणि झाकणावर निखारे. तो डबासुद्धा बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्याचा तळ कापून कासाराने करून दिलेला. म्हणून तुझ्या ओव्हनमध्ये पंख्याची खूण निवडू नकोस, वरून-खालून उष्णतेची निवड. १६० अंशांवर तासभर तर लागेलच, कदाचित सव्वा तास. काडी घालून बघ.

माझ्या वेळेपर्यंत आपण सगळे बेकरीत जायला लागलो होतो, ते तुलाही आठवत असेल. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात पहाटेपासून रांग, प्रत्येकीच्या हातात मैद्याची पिशवी, तुपाचा डबा, अंड्यांची टोपली. लाकडाच्या भट्टीची ती धग, आणि पत्र्यांवर ओळीने मांडलेली नानकटाई. आपला पत्रा ओळखू यावा म्हणून तू नानकटाईवर बोटाने खळगा करून त्यात चारोळी बसवायचास. बेकरीवाले चाचा दिवाळीला, ईदला आणि नाताळला त्याच भट्टीत साऱ्या गल्लीचं भाजून द्यायचे. भाजणावळीचे पैसे ते घ्यायचेच, पण नाताळच्या सकाळी आपल्याकडून त्यांच्याकडे ताट गेलं की त्यांच्या घरून शिरखुर्म्याच्या वाटीचं आमंत्रण पुढच्या ईदसाठी तेव्हाच पक्कं व्हायचं.

ताटांचं आजीचं शिस्तीचं काम असायचं. जी घरं अंडं खात नाहीत त्यांच्यासाठी करंज्या, शंकरपाळे आणि चिवडा आधी करायचा, वेगळ्या कढईत, ताज्या तेलात. अंड्याची भांडी नंतर बाहेर निघायची. शेजारच्या काकूंनी ताट घेताना मनात किंतु आणू नये, एवढ्यासाठी ती दोन दिवस आधी स्वयंपाकघर धुऊन काढायची. प्रेम करायचं तर समोरच्याच्या रीतीने करायचं, हे मी तिच्याकडे पाहून शिकले. तूही वॉर्डात केक नेशील तेव्हा डब्यावर चिठ्ठी लाव: अंडी, लोणी, गव्हाचा मैदा, अक्रोड घातलास तर अक्रोड. रुग्णांना द्यायच्या आधी सिस्टरना विचार. हे तुला मी सांगायला नको, तरी सांगते.

अलीकडे वाचलं, अमेरिकेतल्या ज्या न्यू इंग्लंडमधून आपल्या मिशनचे पहिले लोक आले, तिथे १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड होता. तो कायदा १६८१ मध्ये गेला, पण त्यानंतरही तिथले प्युरिटन, म्हणजे कडक प्रोटेस्टंट, लोक बराच काळ हा सण मानत नव्हते. १८३१ मध्ये नगरला आलेले मिशनरी त्यांच्याच परंपरेतले. मग आपल्या ओसरीवरचा कामट्यांचा तारा, करंज्या, रात्रभर टाळ-मृदंगावर फिरणारी गाणारी मंडळी, हे कुठून आलं? माझं मत असं, की हे इथल्याच घरांनी घडवलं. आकाशकंदील करणाऱ्या हातांनी तारा केला. कृष्णराव सांगळ्यांनी येशूची कथा कीर्तनात आणली, ना. वा. टिळकांनी अभंग आणि भजनं लिहिली. आपल्या गीतपुस्तकात त्यांचीच दोनशेहून जास्त गीतं आहेत. म्हणून कुणी तुला तिकडे म्हणालं, की तुम्ही हे आमच्याकडून घेतलंत, तर वाद घालू नकोस, पण मनात खचूही नकोस. केकची कृती बाहेरून आली असेल. तो कुणाला आधी द्यायचा, हे आपल्या घराने ठरवलं.

आणि तुझ्या शहरातूनही काही घ्यायला हरकत नाही. तुमच्या हॅम्बुर्गमध्येच १८३९ साली योहान हिन्रिख विखेर्न यांनी अनाथ, गरीब मुलांच्या आश्रमात गाडीच्या चाकावर मेणबत्त्या लावल्या. नाताळ कधी, नाताळ कधी, असं मुलं रोज विचारायची, म्हणून रोज एक. रविवारच्या मोठ्या, बाकीच्या लहान. तिथूनच ते आगमनकाळाचं, म्हणजे नाताळआधीच्या चार रविवारांचं, मेणबत्त्यांचं वर्तुळ सगळीकडे गेलं. तुझ्या खोलीत वर्तुळ नसलं तरी बशीत चार मेणबत्त्या ठेव. दर रविवारी एक लाव आणि जे वाचायचं ते मराठीतून, मोठ्याने वाच. एकट्याने मोठ्याने वाचायला पहिल्यांदा अवघड जातं, नंतर जात नाही. आम्हीही इथे त्याच संध्याकाळी तेच वाचू. पहिल्या रविवारी यशयाचा नववा अध्याय घेऊ या, अंधारात चालणाऱ्या लोकांचा. पुढचं पप्पा ठरवून कळवतील.

केक एकवीस-बावीस तारखेला कर. दोन दिवस मुरला की चांगला कापला जातो, गरम कापलास तर चुरा होईल. बटर पेपरमध्ये गुंडाळून डब्यात ठेव. कापताना तुकडे लहान कर, वॉर्डात किती जण असतील सांगता येत नाही. वरच्या मजल्यावर ज्या आजीबाई एकट्या राहतात म्हणालास, त्यांचा वाटा ड्यूटीवर निघण्याआधी देऊन जा. तिकडे चोवीसची संध्याकाळच महत्त्वाची असते ना. जिन्यात भेटल्यावर द्यायचा नाही, दारावर जाऊन द्यायचा, आणि ताटलीत घालून.

तुझी पाळी संपेल तेव्हा इथे सकाळची उपासना आटोपत आलेली असेल, आपण साडेचार तास पुढे. मी फोन पर्समध्ये न ठेवता हातातच ठेवीन. घरी पोचून अंघोळ कर, दोन घास खा आणि मग फोन कर. केक बसला की फुलला, तेही तेव्हा सांग. जळक्या साखरेत काही अडलं तर आधीही कर, रात्र असली तरी चालेल.

पप्पांचा सलाम. ते ताऱ्याच्या कामट्या तासत बसलेत.

तुझी,
आई