कोकणचे सडे पडीक नाहीत: वनमंत्र्यांना खुले पत्र

मा. वनमंत्री, महाराष्ट्र शासन यांस,
सविनय नमस्कार.

रत्नागिरी-सिंधुदुर्गातले जांभ्याचे सडे, म्हणजे जांभा दगडाची सपाट कातळ पठारं, कागदोपत्री पोटखराबा (लागवडीला अयोग्य जमीन) किंवा पडीक म्हणून धरले जातात. पाहणी उन्हाळ्यात झाली तर काळवंडलेला कातळ आणि सुकं गवत, एवढंच हाती लागतं. पण पाऊस सुरू झाला की तिथेच कोकण दीपकाडीला पांढरी फुलं येतात. तिचा कंद भेगेतल्या जेमतेम मातीत वर्षभर दडलेला असतो. ऑगस्टमध्ये डबक्यांच्या काठाने गेंद आणि सीतेची आसवं ही इवली रोपं फुलतात. या ओल्या कातळात पोषण नसल्यासारखंच, म्हणून सीतेची आसवं जमिनीलगतच्या टाचणीच्या टोकाएवढ्या फुग्यांत सूक्ष्म जीव पकडते. पाणी आटायच्या आत बी धरून ती सुकूनही जाते.

हे सगळं माती कमी आहे म्हणूनच टिकतं. चिरेखाणीत, म्हणजे बांधकामासाठी जांभ्याचे चिरे काढताना, आधी वरचा थर खरवडतात. या वनस्पतींची वस्ती नेमकी त्याच थरावर असते. नंतर खड्डा मातीने बुजवला तरी उंच गवत आणि रानमोडीचं तण माजतं, बोटभर उंचीच्या वनस्पतींना ऊन मिळत नाही. सुरुंगाने खड्डे पाडून लावलेली आंब्याची कलमं किंवा ऑस्ट्रेलियन बाभळीची लागवड यांनीही हेच होतं. सड्यावर झाडं लावणं म्हणजे संवर्धन नव्हे, हे आपल्या विभागाने स्पष्ट सांगायला हवं. जांभा सच्छिद्र असल्याने सड्यावर मुरलेलं पाणी पायथ्याच्या झऱ्या-विहिरींना मिळतं, तेही यात हातचं जातं.

बारसू, कशेळी, देवीहसोळच्या सड्यांवरची कातळशिल्पं (कातळात कोरलेली प्राचीन चित्रं) २०२२ पासून युनेस्कोच्या तात्पुरत्या यादीत आहेत. मात्र चित्राभोवती चौथरा बांधून सडा राखला जात नाही. डबक्यांना पाणी देणारा उतारही संरक्षित हद्दीत हवा.

जैवविविधता कायदा २००२ च्या कलम ३७ खाली, स्थानिक संस्थांशी सल्लामसलत करून, राज्य सरकार जैवविविधता वारसास्थळ जाहीर करू शकतं. आंबोलीत २०२१ मध्ये हिरण्यकेशी माशासाठी ते झालं. सडे बहुतांश खाजगी, सामाईक मालकीचे. म्हणून याच कलमातली भरपाईची योजना आधी जाहीर करा, नाहीतर ग्रामसभा ठराव देणार नाहीत. सर्वेक्षण जूनअखेर आणि पुन्हा ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, असं दोनदा व्हावं. सरसकट चराईबंदी नको. गुरं गवत आटोक्यात ठेवतात. आणि हे होईपर्यंत सड्यांना वृक्षलागवडीच्या उद्दिष्टातून वगळण्याचं परिपत्रक येत्या पावसाळ्याआधी काढावं.

आपले,
कोकणातल्या सड्यांचे अभ्यासक