समासातली सही

माननीय संपादक,

रविवारच्या पुरवणीत अमेरिकेतल्या वसाहतकाळच्या गहाणांवरचा लेख वाचला. सोमवारचा अख्खा दिवस तो डोक्यातून गेला नाही, म्हणून लिहायला बसलो आहे. लेखकांचा अभ्यास आहे यात शंका नाही. पण घर गेलं, गिरणी गेली, कर्जापायी माणूस बुडाला, एवढंच सांगण्यात त्यांनी पान संपवलं. माणसं कशाने बुडाली हे शेवटपर्यंत कळत नाही.

आधी त्या चित्राबद्दल. गोष्ट १७४० च्या सुमाराची आणि शेजारी धूर ओकणारी उंच चिमणी! आपल्याकडे कापडाची तीही गिरणी आणि पिठाची तीही गिरणी, त्यामुळे घोटाळा झाला असेल. पण अमेरिकेत पॉटकेट या गावी स्लेटर यांची पहिली यशस्वी सूतगिरणी उभी राहिली ती १७९३ मध्ये, आणि तीसुद्धा पाण्यावर चालायची. त्याआधी गावोगाव होत्या त्या ओढ्याकाठच्या, दळणाच्या आणि लाकूड कापायच्या गिरण्या. दळणावळ धान्यातच घ्यायची पद्धत होती. मॅसॅच्युसेट्समध्ये सोळाव्या हिश्श्याहून जास्त धान्य घ्यायचं नाही, असा नियम होता. अशी गिरणी गहाण ठेवताना किंमत व्हायची ती पाण्याच्या हक्काची आणि बंधाऱ्याची. नुसत्या लाकडी खोपटाला आणि दोन दगडांना कोण पैसे देणार? बंधाऱ्यामुळे शेजाऱ्याची जमीन पाण्याखाली गेली तर काय करायचं, याचाही कायदा त्या वसाहतीने १७१४ मध्ये केला होता. एका पुरात बंधारा फुटला की ऋणकोची कमाई बंद आणि धनकोचं तारणही वाहून गेलं. हे मला पुस्तकात वाचावं लागलं नाही. आमच्या घरी पिठाची गिरणी होती. दळणाच्या दगडाला टाकी लावून खरबरीत करायला माणूस चार दिवस आला नाही, तरी घरातलं गणित कसं बिघडतं ते मी लहानपणी पाहिलं आहे.

गहाण ठेवणं म्हणजेच बुडणं, असं लेखक धरून चालतात. मग पेनसिल्व्हेनियाचं काय? तिथल्या सरकारी कर्ज कचेरीने १७२३ पासून जमिनी गहाण घेऊन लोकांना कागदी चलनात कर्ज दिलं. व्याज शेकडा ५ आणि फेड वर्षाच्या हप्त्यांनी. त्या व्याजावर प्रांताचा कारभार चालायचा, लोकांवर कराचा बोजा फारसा पडत नव्हता. बेंजामिन फ्रँकलिन यांनी १७२९ मध्ये या चलनाची बाजू घेऊन पुस्तिका लिहिली होती. या कचेरीबद्दल लेखात एक ओळ नाही.

बोस्टनची जमीन बँक बुडाली हे खरं. पण तिथे काय झालं ते नीट सांगायला हवं होतं. १७४० मध्ये शेकडो लोकांनी जमिनी तारण ठेवून नोटा घेतल्या. फेड ताग, लोखंड अशा मालातही करता येणार होती. १७४१ मध्ये लंडनच्या पार्लमेंटने परवान्याशिवाय भागीदारीची कंपनी काढायला बंदी करणारा १७२० चा जुना कायदा वसाहतींना लागू केला, तोही पहिल्यापासूनच लागू होता असं म्हणून. बँक बेकायदा ठरली आणि संचालकांच्या घरादारावर वसुली आली. एक संचालक होते चर्चचे डीकन सॅम्युअल अ‍ॅडम्स. ते १७४८ मध्ये वारले, आणि १७५८ मध्ये, म्हणजे दहा वर्षांनी, शेरीफने, म्हणजे वसुली करणाऱ्या अधिकाऱ्याने, त्यांचं राहतं घर, बिअरसाठी जव मोड आणून वाळवायची इमारत, बाग आणि बोटींचा धक्का लिलावाला काढला. मुलाने, म्हणजे पुढे स्वातंत्र्यलढ्यात गाजलेल्या सॅम्युअल अ‍ॅडम्स यांनी, शेरीफला आणि बोली लावू पाहणाऱ्यांना कोर्टात खेचण्याची धमकी दिली तेव्हा कुठे लिलाव फसला. बाप गेल्यावर दहा वर्षांनी दारात उभं राहिलेलं हे देणं वाचताना माझे हात थरथरले.

कारण माझ्या वडिलांनी राहतं घर आणि गिरणी गहाण ठेवून एका पतसंस्थेकडून गिरणीच्या नव्या विजेच्या मोटारीसाठी कर्ज घेतलं होतं. सगळे हप्ते फेडले. शेवटच्या हप्त्याची पावती त्यांनी देवघरातल्या डब्यात जपून ठेवली आणि त्या दिवशी घरी पेढे आणले. गहाण सुटलं असं समजूनच ते गेले. पुढे अकरा वर्षांनी बहिणीच्या हिश्श्यासाठी मिळकत पत्रिका काढली, तर त्यावर गहाणाचा बोजा तसाच. पतसंस्था तोवर अवसायनात गेलेली, म्हणजे कारभार गुंडाळायला निघालेली. देणं उरलं नाही असा बेबाकी दाखला द्यायला कोणी नाही, दप्तर सापडत नाही, सिटी सर्व्हेवाले म्हणतात दाखल्याशिवाय बोजा कमी होत नाही. वडिलांची पावती मी सतरा वेळा पुढे केली. तो बोजा निघायला तीन वर्षं लागली. त्या तीन वर्षांत बहिणीने माझ्याशी बोलणं टाकलं, कारण मी मुद्दाम टाळतो आहे असं तिला वाटलं.

मॅसॅच्युसेट्समध्ये १६४० पासून गहाणाची नोंद करावी लागे. आणि कर्ज फिटलं की धनकोने नोंदवहीत त्याच नोंदीच्या समासात सही करून ते सुटल्याचं लिहून द्यायचं, ही रीत तिथे पडली. लेखात मला हे वाचायचं होतं. आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने १ डिसेंबर २०२३ पासून बँकांना सांगितलं की कर्ज फिटल्यावर ३० दिवसांत मूळ कागद परत द्या, बोजा काढा, नाहीतर दिवसाला ५,००० रुपये भरा. पण पतसंस्थांना हा नियम नाही, आणि तालुक्याच्या गावात गिरणीवाला जातो तो पतसंस्थेकडेच.

आणखी एक. १७३२ च्या ब्रिटिश कायद्याचा उल्लेख लेखात 'जमिनी व घरे कर्जासाठी जप्त करता येऊ लागली' असा आहे. त्या कायद्यात जमिनी आणि घरांच्या जोडीला गुलाम करून ठेवलेली माणसंही आहेत. धनकोच्या वसुलीसाठी ती विकली जाऊ शकत होती. हे शब्द जागेअभावी गाळले असतील तर चिमणीचं चित्र गाळून ते छापायला हवे होते.

पुढच्या रविवारी चित्राची आणि या कायद्याची, दोन्ही दुरुस्त्या छापाव्यात, ही विनंती.

आपला,
एक जुना वाचक, सासवड