प्रवासवर्णनांत विरळ हवेचाही उल्लेख हवा

महोदय,

किलिमांजारोचे ५८९५ मीटर उंचीचे शिखर किंवा एव्हरेस्टचा बेस कॅम्प येथील प्रवासाचे अनुभव मी आवडीने वाचतो. मात्र त्या उंचीशी जुळवून घेण्यासाठी शरीराला किती दिवस दिले, हे त्यांत क्वचितच आढळते आणि ही उणीव मला गंभीर वाटते. सुमारे ५५०० मीटरवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या निम्मा होतो. म्हणून ३००० मीटरच्या पुढे मुक्कामाची उंची रोज ५०० मीटरपेक्षा अधिक वाढवू नये आणि दर तीन-चार दिवसांनी विश्रांती घ्यावी, असा वैद्यकीय सल्ला आहे. डोकेदुखी, मळमळ असताना वर चढू नये. तोल जाऊ लागल्यास, रात्र असली तरी, तत्काळ खाली उतरावे. शिखराजवळून माघारी फिरलेल्यांचे अनुभवही आपण आवर्जून छापावेत, ही कळकळीची विनंती.

– एक वाचक