नेट गेटपर्यंत आलं, लॅबपर्यंत नाही

मा. संपादक, स.न.वि.वि.

मी तालुक्याच्या एका कॉलेजात लॅब असिस्टंट आहे. मागच्या महिन्यात आमच्याकडे नवीन लीज्ड लाइन (फक्त कॉलेजसाठीची इंटरनेट लाइन) आली. प्रोव्हायडरच्या माणसाने राउटर बसवला, स्वतःच्या लॅपटॉपवर नेट चालवून दाखवलं, सही घेतली आणि गेला. इकडे लॅब, लायब्ररी, ऑफिस, कुठेच नेट नाही. फोन केला की एकच उत्तर, आमच्याकडून लाइन ओके आहे. दोन आठवडे असेच गेले आणि मुलं महाडीबीटीचे फॉर्म भरायला पैसे देऊन कॅफेत जात होती, ते बघून फार वाईट वाटायचं. वर एकाने नवीन मोठ्या राउटरचं कोटेशन पण हातात ठेवलं.

शेवटी मीच रात्री बसलो. आमचा स्विच (सगळे पीसी जोडणारा डबा) सिस्कोचा कॅटॅलिस्ट ३५६०, म्हणजे लेयर ३, राउटरचं कामही करू शकणारा, आणि तीन व्हीलॅन (एकाच स्विचवरची वेगवेगळी नेटवर्क) त्याच्यावरच. गंमत नाही, खरंच चकवा होता, कारण स्विचवरून पिंग (समोरून उत्तर येतं का बघायची कमांड) जायचं पण पीसीवरून जायचं नाही, म्हणून सगळे म्हणायचे स्विच ठीक आहे. शो आयपी रूट ही कमांड टाकली तर रूटचं, म्हणजे कुठल्या नेटवर्कला कुठून जायचं त्याचं, टेबलच नाही, नुसता डिफॉल्ट गेटवे (बाहेर जायचा ठरलेला दरवाजा) आणि खाली आयसीएमपी रिडायरेक्ट कॅश रिकामी असल्याची ओळ. तिथे डोक्यात प्रकाश पडला. या स्विचमध्ये राउटिंग, म्हणजे एका नेटवर्कमधून दुसऱ्यात डेटा पाठवणं, मुळात बंदच असतं, आणि आयपी डिफॉल्ट-गेटवे ही कमांड फक्त स्विचच्या स्वतःच्या ट्रॅफिकसाठी असते, पीसीच्या नाही. आयपी राउटिंग चालू केलं की ती कमांड लागूच होत नाही, मग आयपी रूट ०.०.०.० ०.०.०.० आणि पुढे प्रोव्हायडरच्या राउटरचा आयपी असा डिफॉल्ट रूट, म्हणजे बाहेरचं सगळं इकडून पाठव, द्यावा लागतो.

तेवढं करूनही नेट आलं नाही, कारण त्यांच्या राउटरला आमच्या १९२.१६८.१०, २० आणि ३० या नेटवर्ककडे परतीचा रस्ताच माहीत नव्हता, नॅटमध्ये (आतल्या आयपीला बाहेरचा आयपी लावणारी सोय) पण ती नेटवर्क नव्हती, पॅकेट बाहेर जाणार तरी कसं आणि उत्तर परत येणार तरी कसं. फोनवर तिन्ही नेटवर्क सांगितली, त्यांनी रूट आणि नॅट टाकलं, पाच मिनिटांत लॅब चालू. नवीन राउटर काहीच लागला नाही.

माझं म्हणणं एवढंच की लाइन देताना इंजिनिअरच्या लॅपटॉपवर नाही तर लॅबच्या पीसीवर नेट दाखवल्याशिवाय कुठल्याही कॉलेजने सही करू नये, आणि गेटवे, मास्क (नेटवर्क केवढं ते सांगणारा आकडा), परतीचे रूट लिहिलेला एक कागद प्रोव्हायडरने द्यायलाच पाहिजे. आणि पॉलिटेक्निकच्या सरांना विनंती, पॅकेट ट्रेसरमध्ये (नेटवर्कच्या सरावाचं सॉफ्टवेअर) ३५६० आहेच, मुलांकडून हे एकदा तरी करून घ्या, परतीच्या रूटसकट.

आपला,
एक लॅब असिस्टंट