क्युबातल्या मातान्सासच्या ढोल-नाचाच्या वर्गाआधी वाचा

मंडळी, सोमवारी सकाळी 9 वाजता वर्ग सुरू होतोय. पहिले दोन दिवस ढोलाला हात लावायचा नाही. फक्त क्लावेचा, म्हणजे दोन लाकडी काठ्यांवर वाजणारा, पायाचा ठेका आणि यांबूची, म्हणजे रुंबा या क्युबन नाच-गाण्याच्या संथ प्रकाराची पावलं. कंटाळू नका, क्लावे सुटली की रुंबाच सुटला, म्हणून गुरुजींचा हा क्रम मला पटतो.

मग बाता, म्हणजे क्युबातल्या देवकार्यात वाजणारे तीन ढोल: इया, इतोतेले, ओकोन्कोलो. सुरुवात सगळ्यात लहान ओकोन्कोलोपासून.

एक मात्र कळकळीने सांगते. शिकवणीचे ढोल वेगळे, देवकार्याचे वेगळे. प्रतिष्ठा केलेल्या बाताला दीक्षा नसलेल्याने स्पर्श करायचा नाही, गुरुजींना विचारल्याशिवाय फोटोही नको.

समुद्राची देवी येमाया हिच्या नाचासाठी घेरदार स्कर्ट आणा. लाटा त्या घेरातूनच उठतात. पाण्याची बाटली विसरू नका.