काका, तुमचे आभार मानायचे राहूनच गेलेत

काका, नमस्कार. फोनवर आभार मानायला गेलो की तुम्ही विषय बदलता, म्हणून आता सगळ्यांसमोरच लिहितोय, रागावू नका.

पेपरातल्या जुन्या सिनेमाच्या जाहिराती जमवायचा नाद मला आधीपासून होता पण त्या वाचायच्या कशा हे तुम्ही शिकवलंत. मी बघायचो हिरो-हिरॉइनचे चेहरे, तुमची नजर आधी खालच्या बारीक टायपावर, कुठल्या कुठल्या थिएटरला लागलाय, रोज 3, 6, 9 की नुसती मॅटिनी, कितवा आठवडा, आगाऊ तिकीटविक्री कधीपासून. पोस्टर देखणं असतं, त्याला भावही जास्त येतो, मान्य, पण पिक्चर कधी लागला आणि कधी उतरला हे पेपरच सांगतो. आधी "आजपासून", मग "हाऊसफुल", मग एक दिवस "शेवटचे 2 दिवस", आणि ज्याचं नशीब जोरावर तो 25 आठवडे काढून सिल्व्हर ज्युबिलीला, एकाच सिनेमाची कात्रणं ओळीने मांडली की अख्खी कुंडलीच समोर येते.

आणि ते बिनतारखेचं कात्रण! नुसतं "आजपासून" लिहिलेलं, वर्ष नाही काही नाही, मी पुढची बाजू सतरा वेळा बघून झालेली. तुम्ही म्हणालात, उलटं कर बघू. मागे कसोटी सामन्याचा अर्धा कापला गेलेला धावफलक, दोन-तीन फलंदाजांची नावं आणि धावा, बास. तेवढ्यावरून तुम्ही सामना शोधलात, त्यातला दिवस शोधलात, पेपर त्याच्या दुसऱ्या दिवशीचा, म्हणजे तारीख हातात! माझ्या अंगावर खरंच काटा आला होता. तेव्हापासून मी पान अख्खं ठेवतो, तारखेच्या पट्टीसकट.

जपायचं कसं हेही तुमचंच. पेपरचा कागद लाकडाच्या लगद्याचा, त्यातलं लिग्निन उजेड आणि हवा लागली की पिवळं पडतं, आम्लाने कागद ठिसूळ होतो, म्हणून लॅमिनेशन नको, सेलोटेप तर अजिबातच नको, अ‍ॅसिड-फ्री कागद आणि पॉलिएस्टरची स्लीव्ह. स्कॅन करताना पानामागे काळा कागद ठेवायचा म्हणजे पाठची छपाई आरपार दिसत नाही, किती साधी गोष्ट, पण आता माझे स्कॅन बघा, बारीक टाइपसुद्धा सुटसुटीत वाचता येतो.

लोक विचारतात रद्दी कशाला जमवतोस. त्यांना मी तुमचंच उत्तर देतो. 'आलम आरा' हा आपला पहिला बोलपट, 14 मार्च 1931 ला मुंबईत मॅजेस्टिकला लागला, आज त्याची एकही प्रिंट उपलब्ध नाही, फोटो, पोस्टर आणि छापील जाहिराती एवढंच हाताशी आहे. आणि मुळात 7 जुलै 1896 ला मुंबईच्या वॉटसन हॉटेलात फ्रान्सच्या ल्युमिए बंधूंची हलती चित्रं दाखवली त्याचीही जाहिरात पेपरातच आली होती, म्हणजे आपल्याकडे सिनेमा आला तोच पेपरातली जाहिरात घेऊन.

तुम्ही हे सगळं एक पैसा न घेता, वेळ-अवेळ न बघता सांगितलंत, स्वतःच्या डबल प्रती काढून मला दिल्यात, कुणी देतं का हो असं? मनापासून आभार काका. नवीन स्कॅन सगळे पेनड्राइव्हवर टाकून पाठवतोय, आणि एक मोठं पान घडीवर तुटायला आलंय, ते मी अजून उघडलेलं नाही, तुम्ही आलात की तुमच्या हातानेच उघडूया.