रॅकवर एक भाव, बिलात दुसरा
सुपरमार्केटमध्ये रॅकवरच्या चिठ्ठीत तूरडाळ १४९ रुपये, काउंटरवर स्कॅन केली की १६८. विचारलं तर ‘सिस्टीममध्ये रेट बदललाय, चिठ्ठी राहिली’ हे उत्तर तयारच. मागची रांग चुळबुळते, आपण ‘जाऊ द्या’ म्हणून पिशवी उचलतो. (बिल चुकून कमी आलं, तर गुपचूप सटकतो, हेही खरंच!) एमआरपीपेक्षा जास्त घ्यायला २०११ च्या आवेष्टित (म्हणजे पाकीटबंद) वस्तू नियमांनी मनाई आहे, तक्रारीसाठी १९१५ ही राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनही आहे. पण तफावत एमआरपीच्या आतली असली की दुकानदार हात वर करतो. वैधमापन निरीक्षकांनी वजनकाट्यांसोबत या चिठ्ठ्याही बिलाशी ताडून पाहाव्यात.
– एक ग्राहक, डोंबिवली